खरवडलेली ओळ

तो माणूस रोज पहाटे चार वाजता उठत असे आणि प्रार्थना आटोपली की सर्वांत आधी पाटातल्या पाण्याची उंची मोजत असे. त्यासाठी त्याने खाचा पाडलेली एक काठी केली होती. त्याच्या रोजवहीत प्रत्येक दिवसाची पहिली नोंद हीच: पाणी सहा बोटे. पाणी पाच बोटे, गढूळ. पाणी पाच बोटे. त्यानंतर वारा, आणि त्यानंतर माणसे.

ही रोजवही मी गेल्या हिवाळ्यात खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या तळमजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी बसून वाचून काढली. ती लिहिणारा माणूस मॉर्मन पंथाच्या पहिल्या पिढीतला बिशप होता. अमेरिकेतल्या वाळवंटात त्याच्या लोकांनी वसवलेल्या साठेक घरांच्या गावाचा तो प्रमुख. त्या गावात धर्मगुरू, न्यायाधीश आणि पाटकरी ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असत. वही त्याच्या पणतीच्या ताब्यात होती. पणती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मुलगी शिक्षिका म्हणून नोकरीला, त्यामुळे अबू धाबीत येऊन राहिलेली. मी त्याच व्हिलाच्या वरच्या भागात भाड्याने राहत होते. जिना बाहेरून, स्वयंपाकघर एका कपाटाएवढे, आणि एसीचे पाणी रात्रंदिवस खालच्या बादलीत ठिबकत असे.

पहिल्या भेटीत त्या केळ्याचा केक घेऊन वर आल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

"दारावरच्या पाटीवर डॉक्टर लिहिलं आहेस," त्या म्हणाल्या. "कसली डॉक्टर?"

"पाण्याची. मी पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे."

त्या हसल्या. "मग तूच हवीस. तोही पाण्याचाच माणूस होता."

आईला फोनवर हे सांगितले, तर तिला वेगळीच काळजी. आईबाबा अजूनही बर दुबईत, अल मनखूलमधल्या माझ्या लहानपणीच्याच फ्लॅटमध्ये राहतात.

"सिस्टर म्हणजे नर्स का ग? तुला बरं नाही का?"

"नाही आई. त्यांच्यात सगळ्यांनाच ब्रदर आणि सिस्टर म्हणतात."

"मग आपल्यासारखंच की. इथे अख्खी बिल्डिंग तुझी काका-मामी आहे."

सिस्टरना डोळ्यांच्या पडद्याचा, मॅक्युलाचा आजार होता. नजरेच्या मधोमध काळे वर्तुळ, आणि कडेचे तेवढे दिसे. पानाचा समास त्या पाहू शकत होत्या, मजकूर नाही. जूनमध्ये मुलीचा करार संपणार होता आणि त्या कायमच्या परत जाणार होत्या. परत गेल्यावर वही चुलत भावंडांच्या स्वाधीन करायची आणि तिथून ती संग्रहालयात जायची, असे ठरले होते. त्याआधी त्यांना वहीतून एकच गोष्ट हवी होती. एका मुलीचे नाव.

त्या मुलीची हकीकत त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. बिशपच्या दुसऱ्या बायकोच्या घरात एक आदिवासी मुलगी होती. त्या भागात तेव्हा मुले पकडून विकणाऱ्या टोळ्या फिरत. बिशपने ती आठ-नऊ वर्षांची असताना एका घोड्याच्या बदल्यात घेतली, आणि आपण तिला वाचवले असे तो मानत असे. सिस्टरची आजी तेव्हा तान्ही होती आणि त्या मुलीच्या पाठीवर झोपत असे. ही आजी नव्वदीपर्यंत जगली. म्हातारपणी ती एक बिनशब्दांचे गाणे गुणगुणे, आणि कुणी विचारले तर म्हणे, "हे तिचं." पण तिचे म्हणजे कुणाचे, ते तिलाही सांगता येत नसे. घरात एवढेच माहीत होते की मुलगी एके दिवशी आपल्या लोकांकडे निघून गेली.

"आमच्यात मेलेल्यांनाही कुटुंबात जोडून घेता येतं," सिस्टर म्हणाल्या. "विधी आहे त्याचा. पण त्यासाठी नाव लागतं. 'एक मुलगी' असं लिहून चालत नाही. माझ्या आजीला जिने वाढवलं ती आमच्या कुठल्याच कागदावर नाही. मी जाण्याआधी मला ती तिथे हवी आहे."

मी होकार दिला. शनिवार-रविवारी पहाटे वाचन करायचे ठरले, कारण सिस्टरही त्यांच्या पणजोबांसारख्या चारला उठत. मी मोठ्याने वाचायचे आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचे.

खरे सांगायचे तर पहिल्या शंभर पानांतच त्या माणसाने मला जिंकले. तो नोंदी ठेवण्यासाठीच जन्मला होता. तीन बायका, तीन घरे, आणि कोणत्या आठवड्यात कोणत्या घरी, हे तो इतक्या काटेकोरपणे लिही की त्याच्या मनात काय होते याचा पत्ता लागत नसे. लोक उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणून देत तो गवतात, गव्हात आणि अंड्यांत. अंडी फुटकी निघाली तर तसे लिही; देणाऱ्याचे नाव मात्र लिहीत नसे. तुटलेली हाडे बसवी, निरक्षरांची पत्रे वाचून दाखवी, गाण्याचा वर्ग घेई आणि स्वतः बेसूर गातो हेही कबूल करी. दोन शेजारणींचे कोंबड्यांवरून भांडण लागले तेव्हा त्याने निकाल दिला की महिनाभर दोघींनी एकाच चुलीवर रांधावे. तीन आठवड्यांनी नोंद आहे: "आता दोघी मिळून माझ्याविरुद्ध आहेत. समेट झाला."

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळे गाव उपाशी राही आणि वाचलेला शिधा गरजूंकडे जाई. हे आईला सांगितले तेव्हा ती खूश झाली. तिचाही गुरुवार असतो.

"साबुदाणा चालतो का त्यांना?"

"पाणीसुद्धा चालत नाही."

"अगं बाई, निर्जळी! मग खरी माणसं आहेत."

माझी वसईची एक सहकारी आहे, घरची कॅथलिक. दुपारच्या जेवणात तिला मी बिशपच्या तीन घरांबद्दल सांगितले. तिने घास तसाच हातात धरला. "बिशपला तीन बायका? हे आमच्या वसईत बोलू नकोस हां. फादर लोक उठून तिकडे जातील."

पण मला सर्वांत आवडली ती त्याची पाण्याची व्यवस्था. डोंगरातला ओढा अडवून त्यांनी पाट काढला होता. पाटाच्या मुखाशी एक जड फळी होती; वर पूर आला की ती खाली पाडायची, नाहीतर पाट फुटून शेते वाहून जात. त्या फळीशी रोज एका घरातल्या कर्त्या माणसाने दिवसभर उभे राहायचे असा नियम होता. घरांचा क्रम ठरलेला आणि कागद सभागृहाच्या दारावर लावलेला. अदलाबदल नाही, कारण अदलाबदल सुरू झाली की उपकार सुरू होतात, आणि उपकार सुरू झाले की दुबळ्याचा दिवस कधी संपत नाही, असे त्याने लिहिले आहे. पुढे एक वाक्य: "बिशपलाही त्याचा दिवस चुकणार नाही." सभेत हा नियम वाचून दाखवल्यावर सर्वांनी उजवा हात वर करून संमती दिली. त्यांच्यात ती रीतच आहे.

हे वाक्य वाचताना मी थांबले होते. सिस्टरनी डोळे उघडले.

"का थांबलीस?"

"काही नाही. चांगला नियम आहे."

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन उजळला. झेंडूच्या फुलांचे चित्र, त्यावर 'शुभ सकाळ', खाली दोन ओळींचा सुविचार. मी फोन पालथा घातला.

"इतक्या पहाटे कोण?"

"जुने सहकारी आहेत. भारतात असतात."

"उत्तर दे की."

"देईन नंतर."

नंतर मी कधीच दिले नव्हते. तो संदेश रोज येत असे. तिकडे रत्नागिरीकडच्या एका गावात साडेसहा झालेले असत, इथे पाच. पाठवणारे काका आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने गोळा करत. वय सेहेचाळीस, सतरा वर्षे आखातात, सहा जणांच्या खोलीत. प्रयोगशाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून ते मला 'ताई' म्हणत, इतरांसमोर 'मॅडम'. टाक्यांवर चढून, वाळवंटातल्या विहिरींवर जाऊन नमुने आणायचे काम उन्हाळ्यात जिवावरचे असते. वही हाती येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी विभागाची कामचलाऊ प्रमुख झाले आणि मी वेळापत्रक बसवले: नमुने आणायला केवळ टेक्निशियन जाणार नाहीत, आम्ही केमिस्टही जाऊ, पाळीपाळीने. अदलाबदल नाही. कागद भिंतीवर. मला त्याचा फार अभिमान होता. कायम प्रमुखपदाच्या अर्जात मी त्यावर एक सबंध परिच्छेद लिहिला होता.

जुलैतल्या एका सोमवारी माझा दिवस होता. त्याच सकाळी वरिष्ठांनी मुलाखतीसाठी बोलावले. काका ऑफिसात बाटल्यांवर लेबले चिकटवत होते. मी म्हटले, "काका, आज तुम्ही जाऊन याल? दहा मिनिटांत निघावं लागेल." ते म्हणाले, "त्यात काय ताई, यल्ला, निघालोच." बर्फाची पेटी भरायला वेळ नव्हता. क्षारांची पाकिटे घ्यायलाही नव्हता. उन्हामुळे सक्तीच्या असलेल्या दुपारच्या कामबंदीला वीस मिनिटे उरली असताना ते तिसऱ्या टाकीच्या शिडीखाली कोसळले.

ते वाचले. मूत्रपिंडे मात्र पूर्वीसारखी राहिली नाहीत. अहवाल मी लिहिला. त्यात लिहिले की कर्मचारी वेळापत्रकाप्रमाणे गेला होता आणि पूर्वतयारी न करता गेला होता. दुसरी गोष्ट खरी होती. पहिली खरी ठरावी म्हणून मी वेळापत्रकाच्या फाइलमधला एक रकाना बदलला आणि भिंतीवरचा कागद काढून नवा लावला. आदल्या दिवशीच ठाऊक असूनही तयारी केली नाही, असा त्याचा अर्थ झाला. नियमांकडे दुर्लक्ष, म्हणून करार वाढवला नाही. मी कायम प्रमुख झाले.

सिस्टरना मी यातले काहीच सांगितले नव्हते. झेंडूची फुले पालथी घालून मी पुढे वाचत राहिले.

मुलगी वहीत येई ती अशी: "मुलीने सरपण आणले." "मुलगी तापाने आजारी, दुसरीकडे झोपवली." "मुलगी लहानगीला घेऊन पाटावर." अशा नोंदी मी एका तक्त्यात मांडल्या. साडेतीन वर्षांत तिचा उल्लेख नाही असा आठवडा जवळजवळ नाही, आणि नाव एकदाही नाही. मग उन्हाळ्यातले एक पान येते. "पाणी सहा बोटे. शहरातून पंथाची वडील मंडळी आली. जेवायला नऊ जण. डोंगरात गडगडाट, इथे लख्ख ऊन." यापुढे सुमारे एका ओळीची शाई चाकूने खरवडलेली. कागद तिथे इतका पातळ झाला होता की बोटाला जाणवे. त्याखाली: "तिसऱ्या प्रहरी पाट फुटला." या पानानंतर मुलगी वहीत नाही.

"तिथेच आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांचे बोट बरोबर त्या जागेवर होते. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण बोटाला पाठ होते. "तिथे त्याने तिचं नाव लिहिलं आणि मग खोडलं. लहानपणापासून मला असंच वाटत आलंय. काढता येईल?"

मला हे काम सोपे वाटले. त्या काळची शाई लोहाची असे. ती खरवडली तरी लोह कागदाच्या तंतूंत उरते आणि अतिनील प्रकाशात काळे दिसते. पाण्यावरचा तेलाचा तवंग पाहायला आमच्याकडे तसा दिवा असतोच.

"येईल," मी म्हटले. "शंभर टक्के येईल."

असे वाक्य मी कनिष्ठांना कधी बोलू देत नाही.

दिवा आणण्याआधी मी पुढची पाने पुन्हा तपासली. एरवी मी निकाल पाहण्याआधी अंदाज कागदावर मांडते, ती सवय. त्या पानानंतर अकरा दिवस पाण्याची नोंदच नाही. आजारपणात, लग्नाच्या दिवशी, पहिली बायको वारली त्या दिवशीही ज्याने पाणी मोजले, तो अकरा दिवस पाटावर गेला नव्हता. "लहानगी झोपत नाही," हे त्या अकरा दिवसांत चारदा आहे. आणि त्यानंतर वहीच्या शेवटापर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षे, उपवास महिन्याच्या पहिल्या गुरुवारी नाही, प्रत्येक गुरुवारी.

मला डोंगरातला गडगडाट आणि इथले ऊन ठाऊक होते. पूर्वेच्या डोंगरांत वादीचे, म्हणजे पावसाळी ओढ्याचे नमुने घेताना आम्हाला आधी हेच शिकवतात: डोक्यावर आभाळ निळे आहे म्हणून कोरड्या पात्रात उभे राहू नका. पाणी तुमच्या आभाळातून येत नाही. मी मोजून पाहिले. साठ घरांचा क्रम, मागच्या महिन्यांत लिहिलेले दिवस. त्या दिवशी फळीशी कुणाचा दिवस होता ते काढायला मला दहा मिनिटे लागली. नंतर दिवा लावायची इच्छाच उरली नाही.

त्या रात्रीपासून मी आपोआप चारला जागी होऊ लागले. छतावरच्या टाकीत पाणी चढायला लागे तीच ही वेळ. नळांतून आधी हवा फुसफुसे, मग दूरवरून काहीतरी दौडत आल्यासारखा आवाज होई. मला त्याचे शास्त्र माहीत आहे. दाबाचा फरक, बस. तरीही तो आवाज डोक्यावरून पुढे जाईपर्यंत मी श्वास धरून पडून राही. मग पाचला फोन उजळे. झेंडू, कधी कमळ.

दिवा लावला तो शनिवारी दुपारी. व्हिलात मोलकरणीसाठी बांधलेली एक बिनखिडकीची खोली होती, त्यात आता बॅगा ठेवलेल्या. दार लावल्यावर पूर्ण अंधार. सिस्टर एका सूटकेसवर बसल्या. पान फिकट निळे उजळले आणि त्यावर खरवडलेली ओळ काळी होऊन हळूहळू वर आली. दोन छोटी वाक्ये होती. फोनने चार छायाचित्रे घेतली.

"नाव आहे?" सिस्टरनी अंधारात विचारले.

"नाही."

"मग काय आहे?"

"अक्षरं पुरेशी उमटत नाहीत. पुन्हा पाहावं लागेल."

ते खोटे होते. अक्षरे छापल्यासारखी स्पष्ट होती. सिस्टरनी उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाल्या, "दमलीस तू. चल, सूप पी."

चार दिवस ते छायाचित्र माझ्या फोनमध्ये होते. मी स्वतःला कारणे दिली: म्हातारी बाई, तिचा धर्म, तिचे पणजोबा. एकही कारण तपासणीत टिकले नाही. तिला वाचवण्यासाठी मी गप्प नव्हते. ती ओळ मोठ्याने वाचायची माझी हिंमत नव्हती, कारण ती प्रथमपुरुषी होती.

बुधवारी संध्याकाळी मी खाली गेले. सिस्टर भाजी निवडत होत्या, पाहून नाही, चाचपून.

"सिस्टर, मला त्या दिवशीच वाचता आलं होतं."

त्यांचे हात थांबले. "वाच."

"'दिवस माझा होता. मुलीला मी पाठवले.'"

मग मी सगळे क्रमाने सांगितले: पाहुणे, फळी, डोंगरातला पाऊस, अकरा दिवस, गुरुवार. ती आपल्या लोकांकडे गेली नव्हती, हेही. बारा वर्षांच्या मुलीला ती जड फळी पाडता आली की नाही हे वहीत नाही. पाट फुटला, एवढेच आहे.

"चार दिवस," सिस्टर म्हणाल्या. "चार दिवस तू हे वर घेऊन बसलीस आणि खाली येऊन माझं सूप प्यायलीस."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"डॉक्टर, माझे डोळे गेलेत. कणा आहे अजून." त्यांनी भाजीचे ताट बाजूला सारले. "आणि तुला कसला त्रास झाला? तुझा आवाज बघ. तो माझा पणजोबा, तुझा नव्हे."

मी ते ताट ओढून घेतले आणि भाजी निवडू लागले. त्यांनी वाट पाहिली आणि मग विचारायचे सोडून दिले. ते विचारायचे सोडणे मला अजून आठवते.

त्यांच्या पंथात महिन्यातून एकदा उपवासाच्या दिवशी प्रवचन नसते. ज्याला वाटेल त्याने उठून आपल्याला जे खरे म्हणून ठाऊक आहे ते सांगायचे. सिस्टरना जाण्याआधीच्या शेवटच्या उपवासाला ही ओळ सांगायची होती, आणि ती वहीतूनच वाचली जायला हवी होती. त्यांच्या मुलीने साफ नकार दिला. "आई, मेलेल्या माणसाला कोर्टात उभं करू नकोस. लोक त्याच्या नावाने मुलांची नावं ठेवतात."

"त्याच्या नावाने ठेवतात," सिस्टर म्हणाल्या. "तेच तर."

म्हणून मी गेले. आदल्या दिवसापासून मीही काही खाल्ले-प्यायले नव्हते. कुणी सांगितले नव्हते, पण तहानेने तोंड कोरडे घेऊन वाचणे मला योग्य वाटले. साधी खोली, खुर्च्यांच्या रांगा, फिलिपिनो कुटुंबे, आफ्रिकी परिचारिका, काही अमेरिकी, रडणारी बाळे. सिस्टर माझा हात धरून पुढे गेल्या. त्यांनी बिशपबद्दल सांगितले. कोंबड्यांच्या निकालाला लोक हसले. मग त्या म्हणाल्या, "आता ही माझी मैत्रीण वाचेल."

मी ओळ वाचली. दिवस माझा होता. मुलीला मी पाठवले. माझा आवाज मला परका वाटला नाही, आणि तेच भयंकर होते.

"तिचं नाव मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याला माहीत होतं, आणि त्याने साडेतीन वर्षं ते लिहिलं नाही. त्यामुळे आमच्या यादीत मी तिला घालू शकत नाही. मी तिला इथे तुमच्यासमोर सांगून जाते आहे. ती माझ्या आजीला पाठीवर घेऊन गात असे." मग त्यांनी ते बिनशब्दांचे गाणे गुणगुणून दाखवले, तीन-चार स्वर, आणि जागेवर येऊन बसल्या.

गाडीत त्या मला एवढेच म्हणाल्या, "लिहिणारा तोच आणि खरवडणाराही तोच. लिहिल्यावर त्याने निदान एक दिवस तरी तसंच ठेवलं असेल का?"

"शाई पूर्ण वाळल्यावर खरवडली आहे," मी म्हटले. "एक दिवस तरी नक्की."

वर आल्यावर मी पाणी प्यायले नाही. आधी फोन लावला. गावात दुपारची वेळ होती, मागे कोंबडा आरवत होता.

"काका, मी बोलतेय."

"ताई! अरे वा! मेसेज मिळतात ना? मला वाटलं नंबर बदलला तुम्ही."

"मिळतात. तब्येत कशी आहे?"

"आहे बरी. पाणी मोजून पितो आता. डॉक्टरने बाटलीवर रेघ मारून दिलीय." ते हसले. "आयुष्यभर लोकांचं पाणी मोजलं, आता स्वतःचं."

"काका, त्या सोमवारची ड्यूटी माझी होती."

कोंबडा पुन्हा आरवला.

"ठाऊक आहे की ताई. तुमचा तो कागद भिंतीवर मीच चिकटवला होता."

"आणि नवा मी लावला. मग तुम्ही कधी बोलला का नाही?"

"तुम्ही बोलाल म्हटलं," काका म्हणाले. "म्हणून मेसेज चालू ठेवला."

त्यानंतर त्यांनी आईबाबांची चौकशी केली, इथल्या उन्हाची केली आणि फोन ठेवला. मी लॅपटॉप उघडला. फाइलच्या जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात. त्या सोमवारच्या रकान्यात माझे नाव जसेच्या तसे होते. ती आवृत्ती जोडून मी वरिष्ठांना पत्र लिहिले. पहिल्या मसुद्यात तीन परिच्छेद होते: कामाचा ताण, मुलाखत, हवामान. ते सगळे काढले. उरली ती दोन वाक्ये मला नव्याने रचावी लागली नाहीत. मुलीच्या जागी फक्त काकांचे नाव घातले, पूर्ण नाव, आडनावासकट. खाली त्यांच्या कराराच्या फेरविचाराची मागणी केली.

चौकशी अजून चालू आहे. प्रमुखपदावर दुसरे कुणीतरी बसते. सिस्टर जूनमध्ये गेल्या. मी अजून चारला उठते. छतावर पाणी चढायला लागते, दौडत येते, आणि मी श्वास धरून पडून राहते. मग झेंडू येतो. मी उत्तर देते.